पोटातले चार आणे

"डॉक्टरबाई, मी जास्त काय खात नाही. पहिल्यापासून जेवढं खातो तेवढंच खातो."

२०२५ च्या मार्च महिन्यात, ज्वारीची सुगी आटोपत आली असताना, जवळच्या खेड्यातील एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. वय चौसष्ट. त्यांना आपण आबा म्हणू. सोबत सूनबाई होत्या. आबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून झालेली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. रक्त तपासले, तर जेवणानंतरची साखर २८६ निघाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली, ती ९.४ टक्के आली. वजन ८४ किलो आणि कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा, असा दंडक आहे.

साखरेचा आकडा ऐकून आबा गप्प झाले. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय याच रोगापायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "माझा पाय तर जाणार नाही ना?" आणि लगेच, आपली बाजू मांडावी तसे, वरचे वाक्य ते बोलले.

जखमेची मलमपट्टी झाली, औषधे लिहून झाली. मग मी त्यांना विचारले, "आबा, भूक लागली म्हणून तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

आबांनी सूनबाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "भूक? वेळ झाली की ताट येतंय. आपण बसतो."

वाचकहो, हा प्रश्न मी त्यानंतर पुष्कळ रुग्णांना विचारला. शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, घर सांभाळणाऱ्या भगिनी. बहुतेकांना उत्तर देता आले नाही. आपण घड्याळ पाहून जेवतो, ताट संपवायचे म्हणून जेवतो, समोरच्याचा आग्रह मोडवत नाही म्हणून जेवतो. ज्या पोटासाठी हा सारा खटाटोप, त्या पोटाला मात्र कोणी विचारत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. या रोगाची कारणे अनेक आहेत. पण गरजेपेक्षा जास्त जेवण हे त्यांतले असे कारण आहे, की जे बरेचसे आपल्या हातात आहे.

'तेवढंच' म्हणजे किती?

आबा खोटे बोलत नव्हते. ते खरोखरच पहिल्याएवढेच खात होते, आणि तिथेच सारी मेख होती.

सूनबाईंना मी भाकरीचे पीठ एकदा तोलून पाहायला सांगितले. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागत होते. सकाळी न्याहारीला दोन, दुपारी तीन, रात्री दोन, अशा दिवसाला सात भाकऱ्या. शिवाय दुपारी भात, दोन्ही वेळा शेंगाची चटणी, रात्री दूध. पंचविशीतही आबांचे जेवण असेच होते. पण तेव्हा ते बैलांमागे दिवसभर नांगर धरून चालत, रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायला उठत, पाठीवरून पोती वाहत. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाण्याची मोटर मुलगा मोबाइलवरून चालू करतो, आणि आबा पारावर किंवा टीव्हीसमोर बसलेले असतात. काम सुटले, भाकरीचा आकडा मात्र तसाच राहिला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या कोष्टकाप्रमाणे अतिकष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३,४७० कॅलरी लागतात आणि बैठे काम करणाऱ्याला सुमारे २,११०. दोहोंतला फरक १,३६० कॅलरींचा. ७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण २४० कॅलरी असतात. म्हणजे नांगर सुटला तेव्हाच शरीराची गरज पाचाहून अधिक भाकऱ्यांनी उतरली होती. साठीनंतर ती आणखी उतरते.

आणि चहा? दिवसातून सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे ६० ग्रॅम साखर, म्हणजे पुन्हा २४० कॅलरी. ही आठवी भाकरी. ती ताटात कधी दिसली नाही, म्हणून कोणी मोजली नाही.

"मी तर बारीक आहे, मला काय त्याचे," असे म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. हातापायांनी बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवती चरबी जास्त असू शकते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून जगापुढे आणले आहे. म्हणून काट्याबरोबर कमरेला टेपही लावावी.

पोट आणि मेंदू यांचे बोलणे

किती खावे हे सांगणारी व्यवस्था आपल्या शरीरात जन्मापासून आहे. रिकामे जठर मुठीएवढे असते. अन्न आले की ते ताणले जाते आणि त्यात साधारण एक लिटरपर्यंत ऐवज सहज मावतो. हा ताण व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला कळतो. अन्न पुढे लहान आतड्यात गेले की तेथूनही काही रसायने रक्तात उतरतात आणि 'आता पुरे' असा निरोप मेंदूकडे नेतात.

भुकेचा निरोप नेणारे रसायन निराळे आहे. ग्रेलिन हे त्याचे नाव. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. जठर रिकामे असताना ते रक्तात वाढते आणि जेवण झाले की उतरते. त्याआधी १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये लेप्टिनचा शोध लागला होता. हे खुद्द चरबीतच तयार होते आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. लठ्ठ माणसात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला नीट दाद देत नाही.

यातल्या दोन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. जेवण सात मिनिटांत उरकले, तर निरोप येईपर्यंत आपण गरजेपेक्षा दोन भाकऱ्या पुढे गेलेलो असतो. मी स्वतः कित्येक वर्षे दोन रुग्णांच्या मधल्या वेळात असेच जेवण उरकत असे, आणि दुपारभर जडपणा का येतो याचे कारण दुसरीकडे शोधत असे.

दुसरी गोष्ट अशी, की ग्रेलिन सवयीचे गुलाम आहे. रोज चार वाजता फरसाण खाण्याची सवय असेल, तर चारच्या सुमाराला ते वाढते. पण ते लाटेसारखे येते आणि काही न खाल्ले तरी थोड्या वेळाने ओसरते. म्हणून मधल्या वेळेची भूक लागली की लगेच डबा उघडू नये. पंधरा-वीस मिनिटे थांबून पाहावे. खरी भूक असेल तर ती पुन्हा येईल. (मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांसाठी हा नियम वेगळा आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.)

भूक पोटाची की जिभेची?

खरी भूक हळूहळू वाढते. पोटात पोकळी जाणवते, कावळे ओरडू लागतात, कामात लक्ष लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तिला काहीही चालते. जिभेची भूक एकदम येते आणि तिला ठरावीकच पदार्थ हवा असतो. मी रुग्णांना एक सोपी कसोटी सांगते. मनाला विचारा, आता समोर शिळी भाकरी आणि चटणी आली तर खाल का? 'हो' असे उत्तर आले तर भूक पोटाची. 'नको, भजी असतील तर बघू' असे आले तर भूक जिभेची.

कधी ती मनाचीही असते. कंटाळा, काळजी, कोणाशी झालेली बोलाचाली, यांवर आपण चिवडा खातो. रात्री झोप अपुरी झाली तरी दुसऱ्या दिवशी भूक वाढते. तसे प्रयोगांतही दिसून आले आहे. आम्लपित्ताच्या जळजळीलाही पुष्कळ लोक भूक समजतात आणि तीवर बिस्किटे खात राहतात. अशी जळजळ वारंवार होत असेल तर बिस्किटांचा पुडा आणण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

ऐकू का येत नाही?

शरीर बोलत असूनही आपल्याला ऐकू का येत नाही? घाई आणि टीव्ही-मोबाइल ही दोन कारणे सर्वांना ठाऊक आहेत. तिसरे कारण ताटाचे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी एकच पदार्थ कमी-जास्त प्रमाणात वाढला गेला. सर्वांत मोठा वाढप होता त्या दिवशी त्यांनी सर्वांत लहान वाढपाच्या दिवसापेक्षा ३० टक्के अधिक खाल्ले. भूक तीच, पदार्थ तोच. बदलला तो फक्त वाढप.

चौथे कारण आपल्या मराठी घरांचे खास आहे. ते म्हणजे आग्रह. "माझी शपथ आहे", "एवढ्याने काय होतंय", "एक तरी घ्या" असे म्हणत पुरणपोळी पानात पडते. यजमानाचे प्रेम खरे असते, पाहुण्याचा संकोचही खरा असतो, आणि दोघांच्या मध्ये पोट सापडते. ज्यांना घरात मधुमेही पाहुणा येणार हे माहीत आहे, त्यांनी आग्रह गप्पांचा करावा. पाहुण्याने "आत्ता पुरे, लागलं तर मागून घेतो" असे हसून म्हणावे आणि पानावर हात आडवा धरावा. यात कोणाचा अपमान होत नाही.

पाचवे कारण मला आबांनी शिकवले.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना म्हटले, "पोट भरल्यावर ताटात अर्धी भाकरी उरली तर ठेवून द्या." आबा ताठ झाले. म्हणाले, "ते होणार नाही, बाई." आणि मग त्यांनी १९७२ सालची गोष्ट सांगितली. ते अकरा वर्षांचे होते. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे. घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी होई. ती पोरांना वाटून झाली की आई म्हणे, मला भूक नाही. आणि तांब्याभर पाणी पिऊन निजे. "तिला भूक होती, हे मला पुढं लई वर्षांनी कळलं," आबा म्हणाले. "तवापास्नं ताटात कण ठेवत नाही."

अशा माणसाला कॅलरी शिकवून काय उपयोग? भरलेले ताट आणि तुडुंब पोट ही त्यांच्या दृष्टीने सुरक्षितपणाची खूण होती. आपल्या जिल्ह्यात ही आठवण घराघरात आहे. ज्यांनी दुष्काळ पाहिला नाही त्यांनाही 'पानात टाकू नये' हा संस्कार मिळाला आहे, आणि तो चांगलाच आहे. पण नको असलेले अन्न पोटात टाकले तरी ते वायाच जाते. वर शरीराचे नुकसान होते ते वेगळे. मी आबांना म्हटले, "ताटात टाकू नका. पण ताटात येऊही देऊ नका. टोपल्यात राहिलेली भाकरी वाया जात नाही. ती संध्याकाळी कोणीही खाईल." हे त्यांना पटले.

बारा आणे भरा

मग किती खावे? वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात याचा सोपा हिशेब दिला आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन भाग घन अन्नासाठी, एक भाग पातळ पदार्थांसाठी, आणि चौथा भाग वायूच्या हालचालीसाठी मोकळा ठेवावा. जपानमधील ओकिनावा बेटावरही पोट दहांत आठ भाग भरले की थांबावे, अशी जुनी शिकवण आहे. आबांना मी जुन्या नाण्यांत सांगितले. रुपयाचे सोळा आणे. बारा आणे भरा, चार आणे शिल्लक ठेवा.

बारा आणे झाले हे ओळखायचे कसे? पहिल्या घासाला जी चव असते ती हळूहळू उतरत जाते, तिकडे लक्ष ठेवावे. 'आणखी अर्धी भाकरी सहज जाईल, पण नाही मिळाली तरी चालेल' असे वाटले की बारा आणे झाले. 'आता एक घासही नको' म्हणजे सोळा आणे. आणि विजारीची नाडी सैल करावी लागली, तर कर्ज काढले असे समजावे.

ही जाणीव दोन दिवसांत येत नाही. महिनाभर पुढील गोष्टी नेमाने कराव्यात:

१. जेवायला बसण्यापूर्वी एक मिनिट थांबून भूक किती आहे हे स्वतःला विचारावे. जुन्या घरांत जेवणाआधी श्लोक म्हणत, चित्राहुती घालत. आपसूकच तेवढी उसंत मिळे.

२. ताटात एकदाच वाढून घ्यावे, नेहमीपेक्षा पाव हिस्सा कमी. टोपले आणि पातेले हाताच्या अंतरावर ठेवू नये.

३. निम्मे ताट भाज्या, पालेभाजी, काकडी, टोमॅटो यांचे असावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही दिवसभराच्या आहारात निम्मा वाटा भाज्या, फळे यांना दिला आहे. उरलेल्या निम्म्यात डाळ-उसळ आणि भाकरी किंवा भात. भात घ्यायचा तर भाकरी एकने कमी करावी.

४. घड्याळ लावून जेवण वीस मिनिटे चालवावे. घास लहान घ्यावा. ज्वारीची भाकरी नीट चावावी लागते, ही तिची थोरवी आहे.

५. टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावेत. घरातल्या माणसांशी बोलावे.

६. आणखी हवे असे वाटले तर पाच मिनिटे थांबावे. त्यानंतरही भूक असेल तर खुशाल घ्यावे. मनात अपराधी वाटून घेऊ नये.

७. चहातली साखर दर आठवड्याला थोडी कमी करत न्यावी. जीभ महिन्याभरात सरावते.

सहाव्या कलमाचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण भूक मारणे हा आपला उद्देश नाहीच. जो दिवसभर उपाशी राहतो तो रात्री दुप्पट जेवतो. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर असल्याने एकादशीचे महत्त्व मी कोणाला सांगायला नको. पण शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स आणि संध्याकाळी रताळ्याचा शिरा, हा उपवास पोटाला जाणवत नाही; वजनकाट्याला जाणवतो.

सूनबाईंची भूक

आबांच्या जेवणाचा हिशेब सांगता सांगता मी सूनबाईंना विचारले, "आणि तुम्ही काय जेवता?" त्या म्हणाल्या, "माझं काय, उरेल ते."

त्या पहाटे पाचला उठत. सर्वांच्या भाकऱ्या, डबे, गोठा. भूक लागली की चहा. पुन्हा लागली की पुन्हा चहा. दुपारी दोनला सर्वांची जेवणे आटोपली की पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, तळाशी राहिलेली आमटी, असे भराभर जेवण. वजन ७१ किलो आणि रक्तातील हिमोग्लोबिन ९. वजन जास्त आणि रक्त कमी, अशा भगिनी माझ्याकडे रोज येतात.

त्यांचा दोष आबांच्या उलट होता. आबा भूक नसताना जेवत होते. त्या भूक असताना जेवत नव्हत्या. आणि मग भूक अनावर झाल्यावर, दिसेल ते, लागेल तेवढे. मी त्यांना सांगितले, की सकाळी आठच्या आत एक भाकरी आणि भाजी स्वतःसाठी वाढून घ्या, बसून खा. सासूबाईंचा विचार करून त्या घुटमळल्या. तेव्हा आबाच म्हणाले, "तुझी सासू काय म्हणणार नाही. मी सांगतो." बाहत्तर सालच्या आईची आठवण त्यांना त्या क्षणी झाली असावी, असे मला वाटले.

वाचक पुरुषांना माझी विनंती आहे. आज जेवताना घरातल्या बाईला विचारा, "तू जेवलीस का?" आणि उत्तर 'नंतर' असे आले, तर तिचे ताट आपल्या शेजारी मांडा.

मुलांना ते उपजत कळते

लहान मूल पोट भरले की तोंड फिरवते. आपण मात्र चिऊचा घास, काऊचा घास म्हणत आणखी चार घास भरवतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना जास्त वाढले तरी ती आपल्या भुकेइतकेच खात होती. पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढल्यावर जास्त खात होती. म्हणजे शरीराचे ऐकणे मूल शिकत नाही. ते ऐकणे सोडून द्यायला शिकते. मुलाचे वजन-उंची वयाप्रमाणे वाढत असेल तर त्याच्या 'पुरे'ला मान द्यावा. वाढत नसेल तर जबरदस्ती न करता डॉक्टरांना दाखवावे.

सावधान!

हा लेख वाचून कोणी औषधे किंवा जेवण आपल्या मनाने बंद करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. जेवण कमी करायचे तर औषधाची मात्राही बदलावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच बदलायची असते. अशा रुग्णाला एकदम भूक लागून हात थरथरू लागले, घाम फुटला, घाबरल्यासारखे झाले, तर ती साखर उतरल्याची खूण असते. तिथे क्षणभरही वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, क्षयरोगाचे रुग्ण, वजन कमी असलेल्या व्यक्ती यांनी जेवण कमी करू नये. उतारवयात भूक आपोआप मंदावते. अशा आजी-आजोबांना थोडे थोडे, पण अधिक वेळा द्यावे.

भूक हे रोगाचे लक्षणही असू शकते. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर मधुमेहाची तपासणी करावी. थायरॉइड वाढल्यावरही असे होते. उलट, दोन-तीन आठवडे अन्नावरची वासना उडाली असेल, दोन घासांत पोट भरत असेल, घास गिळायला अडत असेल, तर घरगुती काढे करत बसू नये. क्षय, कावीळ, पोटाचे गंभीर विकार किंवा मनाची उदासी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी हल्ली विचारणा होते. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड २०२५ साली भारतात मिळू लागले. आतड्यातून निघणाऱ्या 'पुरे' म्हणणाऱ्या रसायनांसारखेच त्यांचे काम चालते. काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ती सर्वांसाठी नाहीत, मळमळ-उलटीसारखे त्रास होऊ शकतात, आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

आबांचे पुढे काय झाले?

पायाची जखम पाच आठवड्यांत भरली. आबा सकाळ-संध्याकाळ चालू लागले. सात भाकऱ्यांच्या चार झाल्या, त्याही लहान आणि पातळ. चहा दोन कपांवर आला. आषाढीनंतर ते तपासणीला आले तेव्हा वजन साडेएकोणऐंशी किलो होते आणि सरासरी साखर ९.४ वरून ७.४ वर आली होती. गोळ्या चालूच आहेत, त्या थांबवण्याचा प्रश्न नाही. दिवाळीत करंज्या-शंकरपाळ्यांनी दीड किलो परत आले, ते त्यांनी न लपवता सांगितले. असे होते. एक सण घसरला म्हणून वर्ष वाया जात नाही.

कार्तिकीला ते पंढरपूरला पायी जाऊन आले. मी सांगितल्याप्रमाणे मऊ, बंद चपला घालून आणि रोज रात्री तळवे तपासून. परतल्यावर दवाखान्यात आले. सूनबाईंचे हिमोग्लोबिनही तपासायचे होते. ते ११ वर आले होते.

जाता जाता आबा दारात थांबले. म्हणाले, "बाई, वारीत दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात कावळे ओरडाय लागले. किती वर्षांनी! एका झाडाखाली बसून दीड भाकरी खाल्ली. आन् थांबलो."

"मग?"

"मग काय, भाकरी इतकी गोड असते, हे इसरूनच गेलो होतो."